कचेरीतली वकिली

कायद्याचे शिक्षण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महाविद्यालय, व्याख्याने आणि जाडजूड ग्रंथ उभे राहतात. परंतु वकिली ही विद्या कित्येक पिढ्या शिकविली गेली ती वकिलाच्या कचेरीत. इंग्लंडमध्ये १७२९ च्या कायद्याने अॅटर्नी होऊ इच्छिणाऱ्यास पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. उमेदवाराने करारपत्रावर सही करावयाची, आणि मग दस्तऐवजांच्या नकला कराव्यात, मसुदे घासून पुसून नीट करावेत, कागद न्यायालयात पोहोचवावेत, अशील आपले गाऱ्हाणे सांगत असता कान देऊन ऐकावे. मुंबईच्या सॉलिसिटरांच्या पेढ्यांतही हीच परंपरा रुजली.

या शाळेत एक मोठी गोम होती. तिचे दार कोणाला उघडावयाचे, हे गुरूच्या मर्जीवर आणि त्याच्या व्यवसायबंधूंच्या संमतीवर अवलंबून असे. जोहान्सबर्ग शहरातील काही कचेऱ्यांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

१९०३ मध्ये गांधीजींनी ट्रान्सवालमध्ये अॅटर्नी म्हणून नाव नोंदविले आणि जोहान्सबर्गच्या रिसिक रस्त्यावर कचेरी थाटली. तेथील हिंदी कारकुनांना ते मुलांप्रमाणे वागवीत. हेन्री पोलाक हे त्यांचे इंग्रज स्नेही याच कचेरीत उमेदवारी करून १९०८ मध्ये अॅटर्नी झाले. त्याच कचेरीत सोन्या श्लेसिन ही तरुण मुलगी लघुलेखनाचे काम करीत होती. वेतन वाढवून घ्यावयास ती तयार नसे. मात्र कामाचा उरक असा की, सत्याग्रहात पुढारी तुरुंगात गेले असता पत्रव्यवहार आणि हिशेब तिनेच सांभाळले. तिने पोलाकांप्रमाणेच गांधीजींच्या हाताखाली उमेदवारी करण्याचे ठरविले. गुरूची ना नव्हती. पण वकिलांच्या संस्थेने करारपत्राची नोंद करण्याचे नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९०९ मध्ये निकाल मिळाला, की कायद्यातील ‘अॅटर्नी’ या शब्दात स्त्रीचा समावेश होत नाही! जी सबंध कचेरी चालवू शकत होती, तिला तेथे शिकण्याचा अधिकार मात्र नव्हता. दक्षिण आफ्रिकेत स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी झाली ती १९२३ च्या कायद्याने.

१९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच शहरातील एका गोऱ्या पेढीत नेल्सन मंडेला नावाचा तरुण उमेदवारीस आला. वॉल्टर सिसुलू यांनी लाझार सिडेल्स्की या वकिलाकडे शब्द टाकला होता. आफ्रिकी उमेदवारास घेणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट, आणि सिडेल्स्कींनी त्याला मनापासून शिकविले, हे त्यांच्या पदरी घालावयास हवे. तरीही पहिल्याच सकाळी एका लेखनिक बाईंनी, येथे वर्णभेद नाही असे सांगून, त्याच्यासाठी व गौर रादेबे या आफ्रिकी कारकुनासाठी दोन नवे पेले आणल्याचे कळविले. रादेबेने मुद्दाम जुन्याच पेल्यातून चहा घेतला. मंडेलांपुढे पेच पडला. तहान नाही असे सांगून त्यांनी तो प्रसंग टाळला. कायद्याच्या कोणत्याही ग्रंथात नसलेला हा पाठ होता.

१९५२ मध्ये मंडेला आणि ऑलिव्हर टांबो यांनी चॅन्सेलर हाउस या इमारतीत स्वतःची पेढी उघडली. ही इमारत हिंदी मालकांची होती. आफ्रिकी भाडेकरूस जागा मिळेल अशा इमारती शहरात थोड्याच. सकाळी कचेरीत पोहोचावयाचे तर जिन्यात दाटलेल्या अशिलांतून वाट काढावी लागे. परवान्याशिवाय रस्त्यावर सापडलेले, घरातून हुसकावले गेलेले, चुकीच्या दारातून इमारतीत शिरलेले असे ते अशील.

अन्यायी कायद्यांविरुद्धच्या चळवळीत भाग घेतल्याबद्दल मंडेलांचे नाव वकिलांच्या यादीतून काढावे, असा अर्ज ट्रान्सवालच्या त्याच वकील संस्थेने केला. १९५४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. आपल्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणे हे वकिलास लांच्छनास्पद नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

१९६० मध्ये टांबो देशाबाहेर गेले आणि मंडेला आणीबाणीत स्थानबद्ध झाले. तेव्हा आठवड्याच्या शेवटी पोलीस पहाऱ्यात कचेरीत येऊन मंडेलांनी अशिलांची राहिलेली कामे मार्गी लावली आणि पेढीचे दफ्तर आवरले.