कॅफेसाठी चाळीस मग

घरी वापरायला एखादा मग करणं वेगळं आणि गावातल्या कॅफेसाठी चाळीस करणं वेगळं. तिथला मग दिवसातून कितीतरी वेळा धुतला जातो, घाईत आपटतो, आणि त्यात दर वेळी तेवढीच कॉफी मावावी लागते.

माती

कुंभाराच्या आव्यात भाजलेली लाल माती सच्छिद्र राहते. माठातलं पाणी गार होतं ते त्यामुळेच. मगाला हा गुण चालत नाही, कारण दूध आत मुरतं आणि वास धरतो. म्हणून स्टोनवेअर माती घ्यावी. ती साधारण १२०० ते १२८० अंश सेल्सिअसला भाजली की इतकी घट्ट होते की पाणी जवळजवळ शोषतच नाही.

आट

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. वाळताना आणि भाजताना मिळून माती आटते. ही आट १२ टक्के धरली, तर १० सेंटिमीटर उंचीच्या मगासाठी चाकावर सुमारे ११.४ सेंटिमीटर उंची हवी. ही आट तिन्ही बाजूंनी होत असल्याने मापात आणखी मोठा फरक पडतो: काठोकाठ २५० मिलिलिटर मावायचे असतील, तर ओल्या मगात जवळपास ३६७ मिलिलिटर मावले पाहिजेत. प्रत्येक मातीची आट वेगळी असते. म्हणून ओल्या मातीच्या पट्टीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी, पट्टी ऑर्डरच्याच तापमानाला भाजावी आणि रेघ पुन्हा मोजावी. मग घडवताना प्रत्येक गोळा काट्यावर तोलून घ्यावा. नुसत्या अंदाजाने चाळीस मग सारखे होत नाहीत.

कान

माझ्या मते मगाची खरी परीक्षा कानात असते. मगाचं अंग आणि कान यांची ओल सारखी असताना दोन्हीकडे ओरखडे काढून, स्लिप (पातळ कालवलेली माती) लावून कान जोडायचा. कान जास्त ओला असेल तर तो जास्त आटतो आणि सांध्याला तडा जातो. जोडल्यावर मग प्लास्टिकखाली झाकून सावकाश वाळू द्यावेत. भरलेला मग उचलताना बोटं गरम अंगाला टेकत नाहीत ना, हे नमुन्यातच पाहावं.

भाजणी

पहिली भाजणी सुमारे १००० अंशांना होते. सुरुवातीला आच हळूहळू वाढवावी, नाहीतर उरलेल्या ओलीची वाफ मग फोडते. मग ग्लेझ चढवायचं. दुसऱ्या भाजणीत ते वितळून काच होतं, म्हणून बूड पुसून कोरडं ठेवलं नाही तर मग भट्टीच्या फळीला चिकटतो. आतल्या बाजूला शिसं आणि कॅडमियम नसलेलं, गुळगुळीत ग्लेझच वापरावं. याबाबत तडजोड नको.

मुदत आणि दर

महिनाभराची मुदत मागावी, पावसाळ्यात आणखी थोडी. चाळीस द्यायचे तर पंचेचाळीस-सेहेचाळीस घडवावेत आणि फुटतुटीचा खर्च दरातच धरावा. रंगात किती फरक चालेल, हे कॅफेवाल्यांना नमुना दाखवून आधीच ठरवावं. मंजूर झालेला एक मग, गोळ्याचं वजन, ओली मापं आणि ग्लेझचं प्रमाण स्वतःकडे जपून ठेवावं, कारण सहा महिन्यांनी फुटलेल्यांच्या जागी तसेच दहा मग मागितले जातात.