संगणकांचा कारभारी : दहावीनंतरचा एक हुन्नर

कर्जत-खालापूर भागातील व्यापारी व कारागीर घरांत मुलगा दहावी झाला की एकच प्रश्न पडतो. दुकानात बसवावा, गॅरेजवर ठेवावा की पुढे शिकवावा? ज्याला यंत्र उघडून पाहण्याची हौस आहे, त्याच्यासाठी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हा चांगला हुन्नर आहे.

नाव मोठे असले तरी काम समजण्यासारखे आहे. कारखान्यात जसा मेंटेनन्सचा फिटर, तसा कचेरीत संगणकांचा कारभारी. संगणक बसवणे, ते एकमेकांस जोडणे, कोणी कोणती फाइल उघडावी हे ठरवणे, व्हायरसपासून बचाव करणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हिशेबाची नक्कल रोज दुसरीकडे ठेवणे. २०१७ साली जीएसटी आला आणि नोंदणी केलेल्या लहान व्यापाऱ्याचीही विवरणपत्रे ऑनलाइन गेली. पावसाळ्यात विजेचा खेळ होऊन हार्ड डिस्क बसली आणि नक्कल नसली, तर वर्षाची उधारी बुडालीच समजा. हे नुकसान टाळणारा माणूस कारखान्याला, हॉटेलला, दवाखान्याला, पतपेढीला, सर्वांनाच लागतो.

शिकायचे कोठे? अमेरिकेत हा विषय दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात शिकवतात. आपल्याकडे त्याला जवळची जागा म्हणजे आयटीआय. तेथील दोन ट्रेड ध्यानात ठेवावेत. 'कोपा' म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. यात कचेरीच्या कामावर भर असतो. दुसरा हार्डवेअर व नेटवर्क मेंटेनन्सचा. कारभारी व्हायचे असेल तर हा अधिक उपयोगी. दोन्ही एक वर्षाचे असून दहावी पास मुलांसाठी आहेत. मात्र प्रत्येक आयटीआयमध्ये दोन्ही ट्रेड नसतात, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी चौकशी करावी. पुढे १९६१ च्या कायद्याखाली विद्यावेतनासह अ‍ॅप्रेंटिसशिपही करता येते.

ज्यांना तीन वर्षे देणे शक्य आहे, त्यांनी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाचा विचार करावा. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे साबू सिद्दीक पॉलिटेक्निक भायखळ्यास आहे. कर्जतहून लोकलने तेथे जाता येते. फीची अडचण असल्यास मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाच्या अटी पाहाव्यात.

एक गैरसमज मात्र दूर करावा. एमएस-सीआयटी म्हणजे संगणकाची तोंडओळख. तेवढ्यावर कोणी कारभारी होत नाही. खासगी क्लासची फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : प्रमाणपत्र कोणाचे, मुलाला स्वतः यंत्र उघडायला मिळेल का, आणि सर्व्हरवर प्रत्यक्ष काम किती तास?

सराव घरीही होतो. जुना संगणक घ्यावा आणि १९९१ पासून मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली त्यावर बसवावी. ती बिघडवावी, पुन्हा उभी करावी. सुतारकाम असो की शिवणकाम, उस्तादाचे पाहून हात वळतो तो स्वतः केल्यावरच. या कामातही तसेच आहे.