पाणथळीची किंमत कशी काढतात?

कोलकात्याच्या सांडपाण्याचा मोठा भाग कालव्यांतून शहराच्या पूर्वेकडच्या पाणथळीत जातो. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या परिसराला २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर करारानुसार दर्जा मिळाला. इथल्या उथळ तळ्यांत ऊन थेट तळापर्यंत पोहोचतं. जिवाणू घाणीचं विघटन करतात, शेवाळ त्यांना प्राणवायू पुरवतं आणि त्याच शेवाळावर रोहू-कटला हे मासे पोसले जातात. काठावरची जलपर्णी लाटा अडवून बांध राखते. निवळलेलं पाणी पुढे भातशेतीला मिळतं. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने ही व्यवस्था जगासमोर आणली.

पाणथळ शहराला देत असलेल्या या सेवांचं मोल कसं ठरवायचं? मासे, भात, भाजी यांना बाजारभाव असतो. पाणी शुद्ध करण्याला तो नसतो. म्हणून तेवढंच पाणी यंत्रांनी शुद्ध करायला किती खर्च येईल, ते पाहतात. शेवाळाची किंमत मात्र वेगळी धरायची नाही; ती माशांच्या किमतीत आलेलीच असते.

हा हिशेब पाणथळ विकण्यासाठी नाही. तळं बुजवताना कागदावर फक्त जमिनीचा भाव दिसतो. शहर नेमकं काय गमावणार आहे, हेही निर्णयाआधी त्याच कागदावर यायलाच हवं.