उसनी ऊब

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत झरी येते. आमच्या झरीच्या घरात कोंबड्या कायमच्या. ब्रूडर हा शब्द मात्र फार उशिरा आला. तोवर पिल्लांना ऊब द्यायचं ते काम खुडूक कोंबडीच करायची. डालग्यात दहा-बारा अंड्यांवर ती २१ दिवस बसायची, दाणापाण्यापुरती उठायची, आणि कुणी हात घातला की पिसं फुलवून टोचायची. "छेडू नको रे, बाळंतीण हाय ती," असं आजी म्हणायची. पिल्लं निघाली की गार लागलं तर पोटाखाली, उकडलं तर बाहेर, असा त्यांचा खेळ दिवसभर चालायचा. कोंबडीचं अंग १०६ अंश फॅरनहाइटच्या आसपास गरम असतं. पिल्लू स्वतःच ठरवायचं, किती ऊब घ्यायची ते.

ब्रूडरमध्ये नक्कल करायची ती याचीच. मधोमध ऊब आणि कडेला गारवा; पिल्लाला दोन्हींत निवड करता आली पाहिजे. सगळी खोली एकसारखी तापवली तर ती निवडच संपते.

उबवणी केंद्रातून पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या खोक्यात एक दिवसाची पिल्लं येतात. शासनाचं असं एक मध्यवर्ती केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. पोटात उरलेल्या बलकावर पिल्लू दोनेक दिवस तग धरतं, म्हणून त्याला एवढा प्रवास सोसतो. पण अंगावर लव असते, पिसं नसतात. अंगची ऊब टिकवणं त्याला जमायला तीनेक आठवडे लागतात. तोवर ती उसनी द्यायची.

माझी पहिली पन्नास पिल्लं मी लाकडी चौकोनी पेटीत ठेवली होती. डिसेंबर होता. रात्री कधीतरी लाईट गेली, मी झोपेत. सकाळी पाहिलं तर एका कोपऱ्यात ढीग, आणि ढिगाखालची एकोणीस मेलेली. थंडीनं मेली असं मी बरेच दिवस सांगत होतो. खरं म्हणजे ती गुदमरून मेली, कोपऱ्यामुळे. गारठली की पिल्लं एकमेकांवर चढतात, आणि कोपऱ्यातून मागे सरकायला वाट नसते.

म्हणून चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचा आडोसा, गोल हवा. दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा घ्या. पन्नास पिल्लांना सुरुवातीला चार फूट व्यासाचं वर्तुळ पुरतं. त्यासाठी साधारण साडेबारा फूट लांब पट्टी लागते. दर आठवड्याला ते मोठं करत जायचं. वरून बारीक जाळी हवीच. मांजर, मुंगूस आणि घूस हे तिघं तुमच्याआधी हिशेब करून बसलेले असतात.

खाली गादी दोन-तीन इंचांची. पुस्तकं भाताचं तूस सांगतात, पण आपल्याकडे भात पिकतो कुठे? सुताराकडचे रंध्याचे छिलके चालतात, कुटलेली भुईमुगाची टरफलंही चालतात. करवतीचा बारीक भुसा मात्र नको, पिल्लं तो दाणा समजून खातात. पहिले दोन-तीन दिवस गादीवर वर्तमानपत्र अंथरायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, आणि फाकलेले पाय लवकर जुळवले नाहीत तर पिल्लू अधू होतं. त्यापेक्षा खरखरीत पुठ्ठा किंवा धुतलेलं गोणपाट बरं.

आता ऊब. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच-पाच अंश कमी. थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगायचा. वर आढ्याला लावलेला थर्मामीटर आढ्याचंच तापमान सांगतो. जुना हिशेब पिल्लामागे दोन वॅटचा. पन्नासांना शंभर वॅट होतात, पण एक बल्ब लावू नका. साठ-साठचे दोन लावा; एक उडाला तर दुसरा सकाळपर्यंत सांभाळतो. बल्ब गादीपासून फूट-दीड फुटावर ठेवायचे आणि ऊब कमी करायची असेल तेव्हा उचलायचे.

अडचण बल्ब मिळण्याची आहे. २०१५च्या उजाला योजनेपासून एलईडी घरोघर गेला. दुकानात बल्ब मागितला की तोच हातात ठेवतात. त्याचा प्रकाश भरपूर, पण पिल्लाला त्याच्याखाली काही ऊब लागत नाही. पिवळा तारेचाच बल्ब हवा असं सांगून मागावा लागतो, नाहीतर इन्फ्रारेड दिवा आणावा लागतो. लाईट गेली तर म्हणून काही जण कोळशाची शेगडी आत ठेवतात. बंद खोलीत तिचा वायू पिल्लांना मारतो आणि राखणीला झोपलेल्या माणसालाही. त्यापेक्षा कॅनमध्ये गरम पाणी भरून, गोणपाटात गुंडाळून मधे ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर चांगल्या बॅटरीवर हे दोन बल्ब रात्र काढतात.

पिल्लं येण्याआधी चोवीस तास ब्रूडर चालू हवा. आल्यावर आधी कोमट गूळपाणी. प्रत्येकाची चोच एकदा त्यात बुडवायची. भांड्यात खडे टाका, नाहीतर पिल्लू बुडतं. दाणा दोन-तीन तासांनी, तोही मक्याचा बारीक भरडा.

मग थर्मामीटर विसरून पिल्लांकडे बघायचं. बल्बाखाली गोळा होऊन कर्कश ओरडत असतील तर ऊब कमी पडतेय. कडेला जाऊन चोची वासल्या असतील तर जास्त झाली. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसरीकडून झोत येतोय. पसरून, मधूनमधून चिवचिवत दाणे टिपत असतील तर तुम्ही झोपायला मोकळे.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. गंबोरोची चौदाव्या दिवसाच्या सुमारास. लस बर्फातूनच आणायची. ओली गादी रोज उपसायची, तिच्यातून रक्ती हगवण लागते. आणि बाहेरची चप्पल आत नको, तिच्यासोबत रोग आत येतो. जानेवारी २०२१मध्ये आपल्याच तालुक्यातल्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या मेल्या, तेव्हा आसपासच्या निरोगी कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

दिवाळी झाली की परभणीत पारा घसरायला लागतो, आणि नेमकी याच दिवसांत पिल्लांची ऑर्डर द्यायची हौस येते. द्या, पण त्याआधी एक रात्र रिकामा ब्रूडर लावा आणि पहाटे चारला उठून थर्मामीटर बघा. तो ९५ला टेकला नसेल तर पिल्लं संक्रांत उलटल्यावर आणा.