सुई कोणाच्या हातात?

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या समाजाची एक मुलगी काही दिवसांपूर्वी कागदपत्रे घेऊन आमच्याकडे आली. प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका, गुण चांगले. पण नोकरीच्या मुलाखतीत रक्त काढायला सांगितले तेव्हा तिचा हात थरथरला. प्रशिक्षणासाठी ती सहा महिने एका रुग्णालयात होती. तेथे तिने काय केले? नमुने पोचवले, रजिस्टर लिहिले, काचपट्ट्या धुतल्या. शिरेत सुई घालायची वेळ आली की तिला "तू नुसती बघ" असे सांगितले जाई. सोबतच्या काहींना मात्र ती सुई रोज मिळे. हे आडनाव पाहून झाले काय? आम्ही सिद्ध करू शकलो नाही. कोणाला कोणते काम किती वेळा दिले, याची नोंदच नव्हती.

हे ज्ञान पुस्तकाने येत नाही, हाताने येते. रक्त जोराने ओढले तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. साध्या नळीतले रक्त तासन् तास पडून राहिले तर साखर खोटीच कमी दिसते. पावसाळ्यात भातखाचरात राबणाऱ्या माणसाला ताप आला, तर तो लेप्टोचा की डेंग्यूचा हे ठरवणारा नमुनाही याच हातातून जातो.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी उच्च शिक्षणासाठी मदत मागितलीच, पण तांत्रिक शिक्षणाच्या सोयी नाहीत ही तक्रारही मांडली. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, ही त्यांची मागणी होती. कसब शिकायचे तर कामाच्या जागी प्रवेश हवा, हा त्याचा अर्थ.

आज रुग्णालयांत काय दिसते? सरकारी वॉर्डातील खाटेवर आपला माणूस असतो. त्याच्या देहावर शिकाऊ हात तयार होतात. त्या हातांत आपल्या मुलांचे हात किती? २०१९ साली मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर छळाचे जे आरोप झाले, त्यांत शिकण्याचे काम करू न देण्याचाही आरोप होता.

आणि खाटेवरच्या माणसालाही हक्क आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की, तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे. म्हणून आपल्या मुलांनीही सुई हाती घेण्यापूर्वी "मी शिकाऊ आहे, वरिष्ठ सोबत आहेत" असे रुग्णाला सांगावे. दुसऱ्याचा मान राखूनच आपला हक्क मागता येतो.

कायदा आता तासांची भाषा बोलतो. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने तंत्रज्ञाच्या पदविका किंवा पदवीसाठी किमान दोन हजार तास आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान तीन हजार सहाशे तास ठरवले आहेत. पण बाटल्या वाहण्यात गेलेला तासही कागदावर तासच भरतो. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणार्थीने पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. तारीख, कोणती प्रक्रिया, नुसती पाहिली, मदत केली की स्वतः केली, आणि देखरेख करणाऱ्याची सही. रुग्णाचे नाव लिहू नये. सही नाकारली तर तेही तारखेसह लिहावे आणि प्राचार्यांना लेखी कळवून पोच घ्यावी. सुई टोचण्याचा धोका असतो, तेव्हा हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोसही मागून घ्यावेत.

रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिकण्याच्या जागा आता जवळ आल्या आहेत. तेथे गेलेल्या मुलांच्या पालकांनी केवळ गुणपत्रिका पाहू नये. आज स्वतःच्या हाताने काय केलेस, हेही विचारावे. त्या मुलीकडे अशी वही असती, तर आम्ही तिच्यासाठी लढू शकलो असतो. पुढच्या मुलीकडे ती असली पाहिजे.