माघातला मस्तावलेला बैल कामाला कसा लावावा



संक्रांत होऊन गेली. कापसाचा शेवटचा वेचा घरात आला, तूर खळ्यावर पडली. आता पऱ्हाटी उपटून झाली की वखर बाहेर काढायचा. नेमक्या याच दिवसांत गावोगाव एक तक्रार ऐकू येते, "लय मस्तावला बुवा हा बैल, अंगाला हात लावू देत नाही." दिवाळीपर्यंत लेकरानेही धरून न्यावा इतका गरीब असलेला बैल जू दिसले की मान उडवतो, शिंग रोखतो, बंडीला जुंपला की चौखूर सुटतो. मग शेजारी सल्ला देतो, "दोन तुताऱ्या हाण, आपोआप ठिकाणावर येईन." तो सल्ला तुम्ही मानू नये, यासाठी ही माहिती देत आहोत.

बैल असा का वागतो, ते आधी समजून घ्या. हरभरा, गहू पेरून झाला की कोरडवाहू शेतात त्याला फारसे काम राहत नाही. पूर्वी निदान खळ्यावर मळणीला फिरावे लागे, कापसाच्या बंड्या बाजाराला न्याव्या लागत. आता मळणी यंत्रावर होते, कापूस टेंपोत जातो, आणि नांगरट बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टरने होते. म्हणजे बैलाचा आराम वाढला. खुराक मात्र आपण कमी करत नाही. तुरीचे कुटार, हरभऱ्याचे कुटार, वरून सरकीची ढेप. अंगात रग साठते, कातडी चकाकते, आणि पहाटेचा गारवा असला की ती रग उसळते. दोन-अडीच महिने दावणीला उभ्या जनावराला मोकळा रस्ता दिसला तर ते उड्या मारणारच. यात त्याची खोड नाही.

दुसरे कारण भीतीचे. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. फक्त अगदी पाठीमागचे दिसत नाही. पण खोली-अंतर त्याला आपल्यासारखे नीट कळत नाही. म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात धुऱ्यावरच्या बाभळीची लांब सावली वाटेवर पडली, तर त्याला तिथे खड्डा आहे की काय, असा संशय येतो. काटेरी कुंपणाला अडकलेली, वाऱ्याने फडफडणारी प्लास्टिकची पन्नीही त्याला पुरते. त्याचा कान आपल्यापेक्षा तिखट. पत्र्याचा खणखणाट, शिट्टी, मोटारसायकलचा कर्कश भोंगा त्याला जास्त बोचतो. पांढरकवडा, झरी-जामणी, राळेगाव या भागात जंगल लागून आहे. टिपेश्वरच्या आसपासच्या गावांत बैल एखाद्या नाल्यापाशी अचानक थांबला आणि नाक फुरफुरवू लागला, तर त्याला मारू नका. वाघाचा किंवा रानडुकराचा वास त्याला तुमच्या आधी येतो. तुम्हीच त्या वेळी चार पावले मागे घ्या.

जातीचाही फरक आहे. वर्धेच्या पलीकडून येणारा गवळाऊ हा मुळात चपळ आणि तापट. मराठ्यांच्या फौजेत झपाझप ओझे नेण्यासाठी ही जात जोपासली गेली असे सांगतात, आणि आजही तो चालायला लागला की पाय जमिनीवर ठरत नाहीत. उमरखेड-महागावकडे नांदेडच्या बाजूची लाल कंधारी दिसते, ती त्या मानाने शांत. एकाच गोठ्यात दोन्ही असतील, तर एकाला लावलेला नियम दुसऱ्याला लावू नये.

जुंपायच्या आधी मात्र एक गोष्ट पाहिलीच पाहिजे. बैल मस्तावला आहे की त्याला कुठे दुखते आहे? दोन्ही वेळा तो मान झटकतो आणि दोन्ही वेळा जू घेऊ देत नाही, म्हणून आपली फसगत होते. चारही खूर उचलून पाहा. तुरीचे धसकट खुरात रुतले असेल तर मऊ मातीत तो चालेल, पण कडक रस्त्यावर पाय झाडेल. कानाच्या आत, शेपटीखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला गोचीड पाहा. वेसणीची जागा पाहा. जुनी सुतळी कडक होऊन नाक चिरले असेल, तर कासरा ओढताच बैल वेडापिसा होतो. तिथे आधी जखम भरू द्या.

शिंगाकडे विशेष लक्ष द्या. आपल्या भागात, त्यातही पांढऱ्या बैलांत, शिंगाचा कर्करोग होतो. बैल एकच शिंग खांबाला किंवा भिंतीला घासतो, डोके एका अंगाला वाकडे धरतो, सारखी मान झटकतो, पुढे त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त किंवा घाण पाणी येते आणि शिंग हलू लागते, लोंबते. घरचे लोक म्हणतात, माज आला. माज कसला, तो बिचारा ठणक्याने हैराण असतो! सुरुवातीला लक्षात आले तर डॉक्टर शस्त्रक्रिया करून शिंग काढतात आणि बैल वाचू शकतो. शिंग लोंबेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

आणि एक भयंकर आजार आहे, त्याची शंका आली तर जुंपणे दूरच, जवळही जाऊ नये. शांत बैल एक-दोन दिवसांत अचानक अंगावर धावू लागला, घोगऱ्या आवाजात सारखा हंबरू लागला, तोंडातून लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, मागचे पाय लटपटतात, तर पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा झाला असेल असे समजा. घशात काही अडकले म्हणून तोंडात हात घालू नका. या एका चुकीने माणसे दगावतात. लाळ जखमेला किंवा डोळ्याला लागली असेल तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा, जखम साबणाने धुवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. बैलासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ या क्रमांकावर फोन लावा.

आता दुखणे काही नाही, बैल नुसता ताजा आहे, असे ठरले. तर पहिले काम गव्हाणीत. कामाला लावायच्या आठ-दहा दिवस आधीपासून ढेप हळूहळू अर्ध्यावर आणा. एकदम बंद करू नका, कारण पोटाला एकाएकी झालेला बदल सोसत नाही. कुटार, कडबा पोटभर द्या, मीठ चालू ठेवा, पाणी कमी पडू देऊ नका. काम वाढेल तशी ढेप पुन्हा वाढवायची. बरेच जण नेमके उलटे करतात: उद्या जुंपायचा म्हणून आज दुप्पट ढेप चारतात आणि सकाळी बैल आवरत नाही म्हणून बोंबलतात. रग आली की बैल दावेही तोडतो, तेव्हा रात्री खळ्यावरच्या धान्याकडे लक्ष ठेवा. ज्वारी-गव्हाच्या राशीत तोंड घातलेला बैल पोट आंबून मरू शकतो.

पहिले दोन दिवस जू नकोच. सकाळी ऊन अंगावर आले की कासरा धरून त्याला गावाबाहेर फिरवून आणा, शक्यतो ज्या माणसाचा आवाज त्याला ओळखीचा आहे त्याने. जवळ जाताना मागून जाऊ नका. बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जा आणि आधी खांद्यावर हात ठेवा. घोडा लाथ सरळ मागे झाडतो, पण बैलाची लाथ पुढून बाजूला वळून येते. त्यामुळे मांडीपाशी उभा असलेला माणूस आपण सुरक्षित आहोत असे समजतो आणि तोच सापडतो.

तिसऱ्या दिवशी जोडी जमवा. जमल्यास एक बैल जुना, ठरलेला घ्या, आणि जो ज्या बाजूला चालायचा त्याच बाजूला ठेवा. बाजू बदलली की चांगला बैलही गोंधळतो. जुवाला नुसता लाकडाचा ओंडका बांधून वखरलेल्या मऊ वावरात अर्धा तास ओढू द्या. काळ्या भुसभुशीत मातीत पाय रुततो, पळता येत नाही, आणि कोणी न मारता रग आपोआप जिरते. मग दोन दिवस हलका वखर तासभर. आठव्या दिवसापर्यंत दोन-तीन तास, दहाव्या दिवसापासून पूर्ण काम. जोडीने आपल्या एकत्र वजनाच्या साधारण दहाव्या भागाएवढा जोर लावून काम करावे, हे प्रमाण दिवसभर टिकते. त्याहून जड औत लावून "जिरवायला" जाल तर रग जिरेल, पण बैलही जाईल.

कासऱ्याबद्दल दोन शब्द जास्त सांगतो. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी माझ्या थोरल्या काकांच्या उजव्या हाताला दोन बोटे नव्हती. लहानपणी आम्हाला वाटायचे की कुट्टीच्या यंत्रात गेली. पुढे त्यांनीच सांगितले. माघाचा महिना, नवी जोडी, वखराला पहिलाच दिवस. बैल ओढ घेतात म्हणून त्यांनी कासऱ्याचा वेढा बोटांना मारला होता. तितर भुर्रकन उडाले, बैल सुटले, आणि धुऱ्यापर्यंत पोचायच्या आत बोटे गेली. तेव्हा कासरा हाताला, मनगटाला, कमरेला कधीही गुंडाळू नका. सुटला तर सुटू द्या. बैल पुढच्या धुऱ्यावर सापडेल.

बंडी शेवटी जुंपायची, आणि तीही आधी रिकामी. लेकरे-बायका पहिल्या आठवड्यात बंडीत बसवू नयेत. मागे ओझे जास्त झाले तर बंडी उलार होते, जोते बैलाच्या गळ्याला आवळते आणि तो घाबरून पळतो, म्हणून ओझे आसाच्या थोडे पुढे ठेवा. बैल उधळलेच तर दोन्ही कासरे एकदम ओढून काही होत नाही. एका बाजूचा कासरा खेचून त्यांना वावराकडे वळवा, नांगरटीत घाला. पुढून उडी मारू नका, चाकाखाली जाल. डांबरी रस्ता या दिवसांत शक्य तितका टाळा.

ज्यांच्याकडे शंकरपटाचा बैल आहे त्यांची गोष्ट थोडी वेगळी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानेही राज्याचा कायदा मान्य केला. तेव्हा तळेगाव दशासरसारखे पट पुन्हा भरतात आणि पटाचे बैल शेतीतही येतात. हा बैल आरोळी ऐकली की पळायला शिकलेला असतो. वखरामागे "हो, हो" करून ओरडलात तर तो पळेल, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्याशी हळू बोला, आणि त्याला कामाची वेगळी हाक शिकवा. खिळ्याची तुतारी तर कोणत्याच बैलाला लावू नये; १९६५ च्या नियमांनी ओढकामाच्या जनावरांना टोकदार काठी लावायला मनाई आहे. त्याच नियमांत दिवसाला एकूण ९ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ५ तासांहून जास्त काम घेऊ नये, असेही आहे.

गोऱ्हा अजून खच्ची केलेला नसेल, तर हे थंडीचे दिवस त्याला बरे. माश्या कमी असतात. दगडाने ठेचण्याची जुनी रीत क्रूर आहे, ती सोडा. दवाखान्यात चिमट्याने काम होते, कातडी कापावी लागत नाही. पण दुसऱ्या दिवशी तो गरीब होईल अशी आशा धरू नका, काही आठवडे जावे लागतात.

राहता राहिला खांदा. दोन महिन्यांच्या आरामाने खांद्याची कातडी मऊ झालेली असते, आणि पहिल्या आठवड्यातच ती सोलते. मग दुखऱ्या खांद्याचा बैल जू घेत नाही आणि आपण पुन्हा म्हणतो, मस्तावला. जुवाची खालची बाजू हाताने चाचपून पाहा, खरबरीत असेल तर तासून गुळगुळीत करा. रोज जू काढल्यावर खांदा गार पाण्याने धुवा. हात ठेवून गरम लागला किंवा सूज दिसली, तर दुसऱ्या दिवशी जुंपू नका. सूज उतरेपर्यंत नुसता फिरवून आणा.