तिवराचं पान आणि जांभळा रंग



पाणथळ जागा म्हटली की मुलांना डास आणि चिखलच आठवतो. त्यातून कतार म्हणजे वाळवंट, तिथे कसली आलीय दलदल? पण दोहाच्या उत्तरेला अल खोर आणि अल थखीरा इथे भरतीच्या पाण्यात तिवरांचं हिरवं रान उभं आहे. आपल्या कोकणच्या खाडीत दिसतात तशीच ही तिवरं. त्यावर मुलांसाठी प्रदर्शन मांडायचं झालं तर कसं मांडावं? आम्हाला सुचलं ते असं.

पहिल्या टेबलावर झाड ठेवावं. चिखलात हवा कमी, म्हणून तिवराची मुळं पेन्सिलीसारखी वर डोकावतात. जास्तीचं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. पानावर बोट फिरवून चाखलं की मुलांना आपोआप कळेल, लांबलचक पाटी नको.

दुसऱ्या टेबलावर माणसांची कामगिरी. अल खोरच्या जांभळ्या बेटावर सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोक समुद्रातल्या गोगलगायी फोडून लाल-जांभळा रंग काढत. फुटक्या शंखांचे ढीग तिथे उत्खननात सापडले. तोरात मिश्कानच्या पडद्यांसाठी तखेलत आणि अर्गमान सांगितले आहेत. तेही भूमध्य समुद्रातल्या अशाच गोगलगायींपासून होत, असं बरेच अभ्यासक मानतात. शिंपल्यातलं आपण खात नाही, पण रंग मात्र तिथून आला बरं का!

तिसऱ्या टेबलावर खाडीबाहेरचे मोती. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकायला येत. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास मोत्यांचा गालिचा करवून घेतला. तो आज दोहाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

मग एक इशारा हवा. इस्राएलमध्ये १९५०च्या दशकात शेतीसाठी आणि मलेरिया घालवण्यासाठी हुलाचं तळं आणि दलदल सुकवली. जमीन खचू लागली, सुकलेल्या मातीला आगी लागू लागल्या. शेवटी १९९४मध्ये थोड्या भागात पुन्हा पाणी सोडलं. आता हिवाळ्यात तिथे हजारो क्रौंच पक्षी उतरतात. गेलेलं पाणी थोडंफार परत आणता आलं.

पण गेलेले शब्द? म्हणून शेवटचं टेबल रिकामं ठेवावं, नवगाव, रेवदंडा, पेणकडच्या आजी-आजोबांसाठी. खाजण म्हणजे काय, निवटी चिखलावर कशी उड्या मारते, उधाणात बांध फुटला की भातशेतीचं काय होतं, हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.

तेव्हा मुलांनो, या शब्बाथला आजीजवळ बसा. खाडीचा एक तरी शब्द विचारा, वहीत लिहा आणि शेजारी चित्र काढा. ते टेबल तुम्हीच भरायचं आहे.